जागच्या जागी

मराठीत ‘आवरणे’ हे मोठे मजेदार क्रियापद आहे. आपण घर आवरतो, ओटा आवरतो, पसारा आवरतो. सकाळच्या घाईत ‘तुझं आवरलं का?’ असे विचारतो, तेव्हा अंघोळीपासून डबा भरण्यापर्यंतची सगळी कामे त्या एका शब्दात येतात. पंगती आवरतात, लग्नकार्य आवरते, संध्याकाळी बाजार आवरता घेतात. आणि याच क्रियापदाने आपण राग आवरतो, हसू आवरतो, डोळ्यांतले पाणी आवरतो. घराची आणि मनाची व्यवस्था मराठी माणसाने एकाच शब्दावर सोपवली आहे. ‘स्वस्थ’ या शब्दाचेही तसेच. जो स्वतःच्या ठिकाणी आहे तो स्वस्थ. म्हणजे वस्तू जागच्या जागी असणे आणि माणूस जागच्या जागी असणे, या दोन गोष्टी भाषेला फार लांबच्या वाटत नाहीत.

भाषा असे म्हणते म्हणून ते खरे आहे का? नीटनेटकेपणाने रोजच्या जगण्यात सुख येते, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. पण हे तपासायचे कसे? दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाचे मन आज हाती लागत नाही. त्याचे कागद मात्र लागतात. ते कागद कसे लिहिले, कुठे ठेवले, हवे तेव्हा सापडले की नाही आणि न सापडल्यावर काय झाले, हे पाहता येते. म्हणून व्यवस्थितपणा आणि सुख यांचा संबंध मी मराठ्यांच्या दप्तरांत शोधायचे ठरवले. मी इतिहासाचा पदवीधर नाही. वाणिज्य शाखेचा आहे, आणि २४ वर्षे एका पतसंस्थेत हिशेब लिहिण्यात काढली. मोडी शिकलो ती एका निवृत्त शिक्षकांकडे, रविवारी सकाळी. त्यामुळे जुन्या कागदांकडे मी आधी कारकुनाच्या नजरेने पाहतो आणि मग अभ्यासकाच्या. या विषयात ती नजर मला उपयोगी पडली.

चरफडीचा उपाय

रोजच्या व्यवस्थितपणावर मराठीत इतके नेमके लिहिणारा पहिला मोठा लेखक म्हणून मला समर्थ रामदासांचे नाव घ्यावेसे वाटते. दासबोधाच्या अकराव्या दशकातल्या तिसऱ्या समासात त्यांनी माणसाचा दिवस पहाटेपासून आखून दिला आहे. त्यात पाठांतर आहे, शौच आणि स्नान आहे, धुणे आहे, बाहेर गेल्यावर रिकाम्या हाताने परत न येणे आहे. त्याच समासात बेसावध माणसाचे वर्णन येते. तो चुकतो, फसतो, वस्तू विसरतो, सांडतो, आणि मग स्वतःवरच चरफडत बसतो. समर्थांचे म्हणणे असे की हे आळसाचे आणि दुचित्तपणाचे रोख फळ आहे. ते इथल्या इथे मिळते, त्यासाठी परलोकाची वाट पाहावी लागत नाही.

‘चरफड’ हा शब्द मला या सगळ्या विषयाची किल्ली वाटतो. मोठ्या दुःखाला शोक म्हणतात, मोठ्या भीतीला धास्ती म्हणतात. पण किल्ली सापडत नाही, पावती सापडत नाही, दारात माणूस उभा आहे आणि चष्मा सापडत नाही, यावेळी जे होते ती चरफड. तिच्याने कोणी मरत नाही. मात्र दिवसातून चार वेळा झाली तर दिवस तिचाच होतो, आणि ती बहुतेक वेळा जवळच्या माणसावर निघते. नीटनेटकेपणाने सुख येते असे म्हणण्यापेक्षा त्याने चरफड जाते असे म्हणणे जास्त खरे आहे. राहिलेल्या जागेत सुख आपल्या पायांनी येईल किंवा येणारही नाही.

याच ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर सारखे असावे, ओळी सरळ असाव्यात, पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वळण बदलू नये, अशा सूचना त्यात आहेत. पण त्यातल्या दोन गोष्टी मला निव्वळ सौंदर्याच्या वाटत नाहीत. पानाच्या चहूबाजूंनी जागा सोडून मधे लिहावे, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागणार नाही, ही एक. आणि तरुणपणी फार बारीक लिहू नये, कारण म्हातारपणी तेच आपल्याला वाचता येत नाही, ही दुसरी. पहिली सूचना आपल्यानंतर येणाऱ्या वाचकासाठी आहे, दुसरी आपल्याच पुढच्या वयासाठी. दोन्हींत एकच विचार आहे: आज मांडून ठेवायचे ते उद्या शोधणाऱ्यासाठी. जुनी हस्तलिखिते हाताळताना या समासाची आठवण हटकून होते. उंदरांनी आणि कसरीने कडा खाल्लेल्या असतात, पण मधला मजकूर शाबूत असतो. कोणा अनामिक लेखकाने सोडलेली ती दोन बोटे जागा आपल्या कामी येते.

हुजूर दप्तरातली शिस्त

‘दप्तर’ हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला, आणि त्याच्याही मागे गेले तर तो कमावलेल्या कातड्याच्या ग्रीक शब्दापर्यंत पोचतो. आज तो मुलांच्या पाठीवर असतो. अठराव्या शतकात तो राज्याच्या पाठीचा कणा होता. पेशव्यांच्या हुजूर दप्तरात भरभराटीच्या काळी दोनशेच्या आसपास कारकून काम करीत. दप्तराचे दोन मुख्य भाग होते. चालते दप्तर फडणिसांच्या थेट देखरेखीखाली असे. एकबेरीज दप्तरात ठिकठिकाणचे हिशेब येऊन वर्गवारीने एकत्र होत आणि वर्षाचे ताळेबंद तयार होत.

हिशेबाची पद्धत मला घरची वाटते, कारण नावे बदलली तरी तीच पद्धत मी नोकरीत वापरली. दिवसभरात जे घडले ते त्याच दिवशी रोजकीर्दीत लिहायचे. रोजकीर्द काळाच्या क्रमाने चालते. तिच्यात हत्तीचे वैरण आणि देवस्थानचे नंदादीप एकाखाली एक येतात. मग खतावणी. तिच्यात प्रत्येक बाब आपापल्या खात्यावर जाते. शेवटी तेरीज, म्हणजे सगळ्यांचा गोषवारा, आणि त्यावरून ताळेबंद. एकच रक्कम दोनदा लिहिण्यात वेळ जातो, हे खरे. पण ‘त्या दिवशी काय झाले’ आणि ‘या बाबीवर किती गेले’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दोन्ही प्रश्न कोणी ना कोणी विचारणारच. मागच्या माणसांनी हे ओळखले होते.

हुकमाचा कागदही मोकळा सुटत नसे. त्याची दप्तरात नोंद होई, त्यावर रुजवातीचे शेरे पडत, कागद जोडून लांब केला असेल तर सांध्यावर शिक्का उठे, आणि मजकूर जिथे संपला तिथे मोर्तब, म्हणजे यापुढे कोणी एक अक्षर वाढवू नये. या सगळ्या तपासणीमागे माणसाविषयी थोडा अविश्वास आहे, हे उघड आहे. पण अविश्वास एकदा पद्धतीत घातला की रोजच्या व्यवहारात तो तोंडावर आणावा लागत नाही. माझ्या नोकरीत संध्याकाळी रोकड जुळली की आम्ही एकमेकांना चहा पाजत असू; नाही जुळली तर एकमेकांच्या नजरा टाळत असू. जुळलेल्या रोकडीचे सुख फक्त पैशाचे नसते. आज कोणावर संशय घ्यायचा नाही, याचे ते सुख असते.

नाना फडणीस हे या शिस्तीचे सर्वांत प्रसिद्ध नाव. त्यांच्या राजकारणाबद्दल मतभेद असू शकतात, दप्तराबद्दल फारसे नाहीत. १८०० च्या मार्चमध्ये ते वारले. त्यांच्या पश्चात दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत महसूल मक्त्याने देण्याची चाल वाढली. ज्याने जास्त बोली केली त्याला परगणा मिळाला. मग जमीन किती, पीक काय, रयतेकडे बाकी किती, याचा बारीक हिशेब ठेवण्याची सरकारला गरज उरली नाही. कारकून कमी झाले, दप्तराकडे दुर्लक्ष झाले. पुणे इंग्रजांच्या हाती गेल्यावर एल्फिन्स्टनच्या हाताखालच्या मॅक्लिऑडने दप्तराची पाहणी केली, तेव्हा अखेरच्या वर्षांचे बरेचसे कागद दप्तरात नव्हतेच. ते वेगवेगळ्या अंमलदारांच्या घरी सापडले. त्याआधीच्या कागदांची स्थिती त्या मानाने चांगली होती. १७६३ मध्ये निजामअलीने पुणे लुटून जाळले, तेव्हा त्याआधीच्या दप्तराची मोठी हानी झाली होती. म्हणजे एकदा शत्रूच्या आगीने दप्तर गेले आणि एकदा आपल्याच बेपर्वाईने विखुरले. आगीनंतर ते पुन्हा उभे राहिले होते.

कागद विस्कटले म्हणून राज्य गेले, असे मी म्हणणार नाही. इतिहास इतका सोपा नसतो. पण ज्या राज्याला आपली रयत मोजावीशी वाटत नाही, ते कागदही जपत नाही, एवढे दप्तर सांगते.

ज्यांना कागद सापडला नाही

आतापर्यंतची गोष्ट सरकारी होती. या पुढची घराघरांतली आहे, आणि इथे व्यवस्थितपणा हा केवळ सुखाचा प्रश्न राहत नाही.

पेशवाईत आणि त्याआधी इनामे दिली गेली होती. देवस्थानाला, ब्राह्मणाला, लढाईत कामी आलेल्या माणसाच्या कुळाला, गावच्या वतनदाराला. काही इनामांना सनद होती. काहींची वहिवाट इतकी जुनी होती की सनद कोणी पाहिली नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कंपनी सरकारने ही इनामे तपासायला घेतली, आणि १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला पक्के अधिकार मिळाले. ज्याच्या ताब्यात करमाफ जमीन आहे त्याने आपला हक्क सिद्ध करायचा, हे त्याचे मर्म.

आता हे चित्र डोळ्यांपुढे आणा. एका बाजूला सरकार. त्याच्या हाती पेशव्यांचे दप्तर आहे, ते लावायला मोडी वाचणारे कारकून आहेत. दुसऱ्या बाजूला खेड्यातले एक घर. पणजोबांनी सनद कुठे ठेवली होती? माळ्यावर? बळदात? मधे घर एकदा जळले, तेव्हा ती गेली की वाचली? भाऊ वाटणी करून दुसऱ्या गावी गेला, तो घेऊन गेला का? एका घरात कधीतरी झालेली हयगय तीन पिढ्यांनी अशी फळाला आली. हजारो इनामे रद्द झाली किंवा आटली. त्यांतले काही हक्क खरोखरच बनावट होते, खोट्या सनदाही पुढे आल्या. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण खरा हक्क असून कागद नाही म्हणून बुडालेलेही होते. मुंबईतले पत्रकार रॉबर्ट नाइट यांनी १८५९ मध्ये कमिशनचा कारभार उघडा पाडणारी पुस्तिका लिहिली. पुढे १८६३ च्या कायद्यांनी ठराविक रक्कम भरून इनाम कायम करून घेण्याची वाट काढण्यात आली.

या प्रकरणातून मला एक अस्वस्थ करणारी गोष्ट दिसते. व्यवस्था ही स्वतः सज्जन नसते. ज्याचे कागद लागलेले असतात त्याच्या हाती ती सत्ता देते, आणि ती सत्ता चांगल्या कामासाठी वापरली जाईलच असे नाही. पेशव्यांच्या ज्या कारकुनांनी नंदादीपाच्या तेलाची नोंद काटेकोर ठेवली, त्यांच्याच नोंदी काढून पुढच्या सरकारने नंदादीपाच्या इनामावर प्रश्न टाकला. गंमत अशी, की त्याच तपासणीमुळे हे दप्तर जपले गेले, वाढले आणि लागले. कमिशनच्या काळात गोळा झालेल्या कागदांचा ‘जमाव’ नावाचा वेगळा विभाग आजही पुण्याच्या दप्तरखान्यात आहे. शाहू दप्तर, रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, पागा अशी इतर विभागांची नावे. एकूण रुमाल ४० हजारांच्या घरात. रुमाल म्हणजे कागद बांधण्याचे चौकोनी कापड. त्याची गाठ सोडली की जुन्या कागदाचा एक कोरडा, किंचित गोडसर वास येतो. तो वास मला अत्तरापेक्षा प्रिय आहे.

साल न लिहिलेली पत्रे

हे दप्तर पुढे कितीतरी वर्षे अभ्यासकांना सहजासहजी खुले नव्हते. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मराठ्यांच्या इतिहासाची साधने शोधणाऱ्यांना घरोघर हिंडावे लागले. त्यांत अग्रणी विश्वनाथ काशीनाथ राजवाडे. पत्नीच्या अकाली निधनानंतर त्यांनी पुन्हा संसार थाटला नाही. स्वतःचे अन्न स्वतः शिजवायचे, गावोगाव फिरायचे, माळे आणि फडताळे धुंडाळायची. घर म्हणावे असे फारसे नव्हते, त्यामुळे घर आवरण्याचा प्रश्नही नव्हता. त्यांची सगळी आवराआवर कागदांत होती. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला. त्यात १७५० ते १७६१ या काळातली पत्रे आहेत. पुढे या मालेचे २२ खंड झाले.

राजवाड्यांच्या आणि त्यांच्या पिढीच्या संशोधकांच्या डोक्याला सर्वांत मोठा ताप दिला तो एका साध्या गोष्टीने. पत्रावर साल नसे. तिथी असे, किंवा मुसलमानी महिन्याचा चंद्र असे. सरकारी कागदांत सुहूर सन असे, पण खासगी पत्रात पुष्कळदा तेवढेही नाही. लिहिणाऱ्याला साल कोणते ते ठाऊकच होते, वाचणाऱ्यालाही ठाऊक होते; मग लिहायचे कशाला? दीडशे वर्षांनी कोणीतरी जंत्री उघडून, पत्रातल्या लढाईचा, लग्नाचा, पावसाचा धागा धरून, ते पत्र कोणत्या वर्षाचे हे ठरवत बसला. एका क्षणाचा आळस एका माणसाने केला आणि त्याची किंमत दुसऱ्याने दिवसच्या दिवस मोजली.

यात पत्र लिहिणाऱ्याला दोष देणे अन्यायाचे होईल. पानिपताच्या वाटेवर छावणीत बसून पत्र लिहिणाऱ्याला संशोधकाची सोय कुठून सुचणार? पण पसाऱ्याबद्दल एक नियम मला यातून मिळाला. पसारा करणाऱ्याला पसारा दिसत नाही. कोणती वस्तू कुठे आहे हे त्याच्या डोक्यात असते, आणि डोके शाबूत असेपर्यंत त्याचे अडत नाही. ‘माझ्या पसाऱ्यात मला सगळं सापडतं’ हे वाक्य म्हणूनच खरे असते. अडते ते दुसऱ्याचे. घरातल्या दुसऱ्या माणसाचे, कचेरीतल्या पुढच्या माणसाचे, आणि विस्मरण सुरू झाले की आपले स्वतःचेही, कारण वीस वर्षांनंतरचे आपण हे दुसरेच असतो. बारीक अक्षराबद्दल समर्थांनी दिलेला इशारा हाच होता.

पेशवे दप्तर अभ्यासासाठी पद्धतशीर उघडले गेले ते १९२९ नंतर, गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या हाती निवडीचे काम आले तेव्हा. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या सेवेत उमेदीची वर्षे घालवून निवृत्त झालेले रियासतकार तेव्हा पासष्टीच्या उंबरठ्यावर होते. मोजक्या साहाय्यकांना घेऊन त्यांनी अवाढव्य राशीतून कागद वेचले, आणि १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. ज्या वयात माणसे औषधाच्या वेळा सांभाळतात, त्या वयात हे काम. मला यात प्रतिभेपेक्षा दिनक्रमाचा वाटा मोठा दिसतो. रोज ठरल्या वेळी बसायचे, काल जिथे थांबलो ते कुठे आहे हे शोधावे लागू नये असे ठेवून उठायचे. एवढ्या मोठ्या कामात उत्साह वर्षभरही पुरत नाही; सवय पुरते.

उन्हात घातलेले कागद

हे झाले नामवंतांचे. पण कागद टिकवण्याचे श्रेय ज्यांना कधीच मिळाले नाही, अशी माणसे मला सातारा आणि वाई भागातल्या खेड्यांत भेटली. बहुतेक करून बायका.

एका घरी मी जुने कागद आहेत असे ऐकून गेलो. ऐंशीच्या पुढच्या आजींनी लोखंडी पेटीतून एक गाठोडे काढले. जुन्या लुगड्याचा धुवट तुकडा, आत वेखंडाचे खडे, आणि आत मोडी कागदांच्या घड्या. एकाही कागदाला कसर नव्हती. मी विचारले, हे इतके चांगले कसे राहिले? त्या म्हणाल्या, “दरवर्षी दिवाळीआधी पेटी काढायची, कागदांना ऊन दाखवायचं, नि ज्या घडीत होते त्याच घडीत परत ठेवायचं. सासूबाई करायच्या, म्हणून मी करते.”

“तुम्हांला मोडी येतं?”

“मला बाळबोधसुद्धा धड येत नाही. पण घडी कळती की.”

साठ वर्षे या बाईने, स्वतःला न वाचता येणारे कागद क्रम न मोडता जपले होते. त्यांतला एक कागद दोन भावांच्या वाटणीचा निघाला. विहिरीवरच्या मोटेच्या पाळ्या त्यात लावून दिल्या होत्या. शेवटी एक कलम होते: विहिरीचा गाळ दोन्ही घरांनी मिळून काढावा. आजींच्या मुलांचा आणि चुलत घराचा त्याच विहिरीवरून कित्येक वर्षांचा अबोला होता. दोन्ही घरांना पाळीचे आपापले कलम तोंडपाठ होते. गाळाचे कलम कोणालाच माहीत नव्हते. मी वाचून दाखवले तेव्हा चुलत घरातलाही एकजण दारात येऊन उभा राहिला होता. त्या कागदाला आज कायद्याने किती वजन असेल ते वकील सांगतील. त्या उन्हाळ्यात दोन्ही घरांनी मिळून गाळ काढला, एवढे मला नंतर कळले. पाळीचा वाद अजून चालू आहे.

मला तेव्हा पहिल्यांदा जाणवले की व्यवस्थितपणाचे सुख नेहमी व्यवस्थित ठेवणाऱ्याच्याच पदरात पडत नाही. त्या आजींना त्या कागदांतून काय मिळाले? मी तसे विचारलेही. त्या म्हणाल्या, “झोप मिळती. पेटीत काय आहे ते ठाऊक असलं म्हणजे झोप लागती.”

इथे एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. आपल्या घरांतला नीटनेटकेपणा शतकानुशतके बायकांच्या कंबरेवर उभा राहिला आहे. उतरंडीचा क्रम, शिंकाळ्यातले दूध, वळकट्यांची रांग, कोठीच्या किल्ल्या, हे सगळे ज्यांनी सांभाळले त्यांना ‘सुगरण’ आणि ‘टापटीपीची’ एवढे दोन शब्द मिळाले, आणि हयगय झाली तर टोमणे. घरातल्या पुरुषाला वस्तू जागच्या जागी सापडण्याचे सुख होते. ती जागच्या जागी ठेवण्याचा शीण दुसऱ्या कोणाचा होता. ज्या घरात एकाचे सुख दुसऱ्याच्या कष्टावर बेतलेले असते, तिथे टापटीप दिसते, स्वस्थता दिसतेच असे नाही. हुजूर दप्तरात निदान दोनशे कारकुनांची नेमणूक होती आणि वेतन होते.

किती आवरावे

मग आवरावे तरी किती? दप्तरे पाहून मी काही मर्यादा स्वतःपुरत्या घालून घेतल्या आहेत.

पहिली अशी, की जे पुन्हा शोधावे लागणार तेवढेच लावावे. पेशव्यांच्या दप्तरातही प्रत्येक चिटोरे खतावणीला जात नव्हते. सगळेच लावायला गेलो की लावणे हाच उद्योग होऊन बसतो, आणि ज्या कामासाठी मांडणी करायची ते काम मांडणीखाली दबते. पाच रंगांच्या फायली आणून एकही ओळ न लिहिणारे अभ्यासक मी पाहिले आहेत.

दुसरी, नोंद त्याच दिवशी करावी. रोजकीर्दीचे सगळे बळ तिच्या नावात आहे. आठवड्याने लिहिलेली रोजकीर्द ही कादंबरी असते.

तिसरी, तारखेत साल लिहावे. हे हास्यास्पद वाटेल. पण माझ्या परिचयातल्या किती घरांत फोटोंच्या मागे नाव आणि साल लिहिलेले आहे? आता तर फोटोला मागची बाजूच राहिली नाही. एकेका मोबाइलमध्ये हजारो छायाचित्रे असतात, आणि लग्नातल्या त्या म्हाताऱ्या आत्या कोण हे सांगणारे माणूस गेले की ती सगळी गर्दी अनोळखी होते. अठराव्या शतकातल्या पत्रलेखकाला जसे साल ठाऊक होते, तसे आपल्याला ते चेहरे ठाऊक आहेत. म्हणून आपण लिहीत नाही.

दिवाळीच्या तोंडावर हे लिहीत असताना घरोघर माळे रिकामे होत असतील. लक्ष्मीपूजनाला आपल्याकडे नव्या केरसुणीची पूजा होते आणि व्यापाऱ्याकडे वहीची. झाडणे आणि नोंदणे या दोन्ही कामांना त्या संध्याकाळी हळदकुंकू मिळते. मात्र झाडताना घाई होते. जुने कागद रद्दीत जातात ते बहुधा याच आठवड्यात. ज्यांच्या माळ्यावर असे एखादे गाठोडे असेल त्यांना माझी एवढीच विनंती आहे, की ते फेकण्याआधी मोडी वाचणाऱ्या कोणाला तरी दाखवावे. आणि दाखवायला माणूस मिळेपर्यंत त्याला ऊन द्यावे, वेखंड घालावे, आणि ज्या घडीत आहे त्याच घडीत परत बांधावे.

माझ्याकडे आता ३१ गाठोडी आहेत. प्रत्येकाला बाहेरून एक चिठ्ठी बांधली आहे: आत काय आहे, कुठून आले, कोणाला परत करायचे. चिठ्ठीवरचे अक्षर मी मुद्दाम मोठे काढतो. चष्म्याचा नंबर वाढतो आहे, हे त्याचे एक कारण. दुसरे असे, की या चिठ्ठ्या शेवटी मी वाचणार नाही.